हिच्या व्यायामाचे इअरफोन

५ जानेवारी, सोमवार

हृदयाच्या डॉक्टरांनी आज आडपडदा न ठेवता सांगितलं. हिच्या हृदयाकडे जाणाऱ्या वाहिन्या अरुंद झाल्या आहेत. औषधं चालू ठेवायची आणि रोज भरभर चालायचं, घाम फुटेपर्यंत. एप्रिलच्या सुरुवातीला ट्रेडमिलवर चालवून पुन्हा तपासणी होईल. "त्यात नीट चालल्या तर औषधांवर भागेल. नाहीतर छाती उघडावी लागेल," असं म्हणून त्यांनी पेनाला टोपण लावलं.

मी त्या टोपणाकडेच बघत राहिलो. ही मात्र डॉक्टरांच्या कोटाकडे बघत होती. बाहेर आल्या आल्या म्हणाली, "खांद्यात ढगळ आहे हो तो कोट. माप न घेताच कापलाय कुणीतरी." उभा जन्म शिलाई मशीनपाशी काढलेली बाई. छाती उघडायची म्हणतो तो माणूस, आणि हिला त्याच्या कोटाचा खांदा दिसतो! मी मनातल्या मनात हात जोडले.

रोज काहीतरी लिहून काढायची कल्पनाही हिचीच. "तुमच्या डोक्यात सारखी चक्की चालू असते. ती कागदावर फिरवा, माझ्यापुढे नको." म्हणून ही वही.

माझ्याबद्दल काय लिहायचं? ऐकायच्या नाटकांचं ध्वनिमुद्रण हे माझं काम. माणसं बोलतात, दारं वाजतात, पावलं येतात आणि जातात. त्यातलं काय डावीकडून, काय उजवीकडून, काय जवळून आणि काय लांबून, ते मी जुळवतो. या धंद्यात केस पांढरे झाले. डोळ्यांना चष्मा लागला, गुडघे कुरकुरतात, पण कानांच्या बाबतीत मी अजून कुणाला हार जाणार नाही. हिच्यासाठी दुसरं काही जमो न जमो, हिला चालायला लावण्याचं काम मी तडीस नेणार आहे.

८ जानेवारी, गुरुवार

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बेकरी आहे, तिच्या वरच्या मजल्यावर व्यायामशाळा. मालकाचे दंड असे आहेत की आम्ही त्याचं नाव डंबेल ठेवलंय. माणूस मनाने फार मऊ. हिला हाताला धरून ट्रेडमिलवर चढवलं, वेग कमी ठेवला, पाणी आणून ठेवलं. पण तिथे चारही कोपऱ्यांत भोंगे! गाणं म्हणावं तर गाणं नाही, नुसती धबडधबड.

ही थोडा वेळ चालली आणि उतरली. "इथे चालायचं की मारामारी करायची?" रस्त्यावर चालायला डॉक्टरांनी मनाई केलीय. आमचे फुटपाथ बघता ती योग्यच आहे. सपाट जागा हवी आणि धरायला दांडी हवी, म्हणजे फिरून डंबेलकडेच जाणं आलं.

भाचीने दिलेले बिनवायरचे इअरफोन हिने आज लावून बघितले. हिचे कान लहान. एक पहिल्या मिनिटातच निसटला, पट्ट्यावर पडला आणि सुसाट मागे जाऊन सायकल मारणाऱ्या एका गृहस्थांच्या पायाशी थांबला. दुसऱ्यातून एका बाईचा आवाज आला, बॅटरी संपत आली आहे. ही जागच्या जागी दांडी धरून उभी राहिली. "अहो, मला वाटलं माझ्या छातीतूनच बोलतंय कुणीतरी!"

आम्ही दोघं हसलो. घरी येऊन मी एकटाच गच्चीत जाऊन थोडा रडलोही, ते हिला सांगितलेलं नाही.

ठरलं. वायरवाले घ्यायचे, कानात घट्ट बसणारे. वायर असली म्हणजे पडले तरी गळ्यात राहतात, आणि बॅटरीची भानगडच नाही. हा तर माझाच प्रांत.

१० जानेवारी, शनिवार

इअरफोनवाल्याच्या दुकानात सकाळ काढली. मोठा सोशिक माणूस. मी जे जे विचारलं त्याला उत्तर दिलं आणि एकदाही घड्याळ बघितलं नाही.

व्यायामाच्या इअरफोनात लोक भलतंच बघतात. खरं बघायचं ते असं: वायर कपड्याला घासली की कानात थडथड होते, म्हणून ती कानावरून मागे घेऊन सोडता आली पाहिजे. रबरी बोंडं वेगवेगळ्या मापांची हवीत, हिला सगळ्यात लहान. घाम आत जाता कामा नये. आणि पिन अशी हवी की ओढ बसली तर फोनातून सुटेल, फोनाला घेऊन खाली येणार नाही. हे सगळं जमणारी एक जोडी घेतली.

घरी आणून माझ्या पद्धतीने तपासली. माझ्याकडे एका माणसाचं बोलणं मुद्रित केलेलं आहे, दोन्ही बाजूंना सारखंच. इअरफोन चांगला असेल तर तो माणूस बरोबर कपाळाच्या मध्ये उभा राहिल्यासारखा वाटतो. या जोडीत तो उजवीकडे सरकलेला होता. डावी बाजू कमजोर. दुसऱ्या कुणाला हे कळलंही नसतं.

मी हे सगळं करत होतो तोवर हिने काय केलं? व्यायामाच्या सदऱ्याला आतून, पाठीच्या मधोमध, मानेपासून कमरेपर्यंत एक चिंचोळी नळी शिवली. वायर मानेपाशी आत शिरते ती थेट कमरेच्या खिशात निघते. हलत नाही, घासत नाही, हातात अडकत नाही. शिवण बाहेरून दिसतसुद्धा नाही. मी तो सदरा उलटासुलटा करून बघतच राहिलो. ज्या कंपन्यांनी वायरीच्या घासण्यावर डोकी शिणवली, त्यांना हा सदरा पाठवला पाहिजे.

"पण जोडी परत करायची," मी म्हणालो.

"का हो? मी लावून बघू का जरा?"

"बघायचं काय त्यात? बिघडलेली आहे."

"बरं," ही म्हणाली आणि दोरा तोडला.

१७ जानेवारी, शनिवार

दुसरी जोडी. तोच दोष, तीच बाजू. इअरफोनवाला अगदी हळू आवाजात म्हणाला, "साहेब, घरात दुसऱ्या कुणी ऐकून बघितले का?" मी म्हणालो, हेच काम करत माझे केस पिकलेत. त्या बिचाऱ्याने जोडी परत घेतली. हल्ली सगळ्या कंपन्या एकाच कारखान्यातून माल उचलत असाव्यात, नाहीतर सगळ्यांची डावी बाजूच कशी लंगडी?

कामावर कटकट. हॉटेलातून पियानो चोरीला जातो त्या गोष्टीची मालिका आम्ही करतोय. दिग्दर्शिका वयाने माझ्या निम्मी असेल, पण डोक्याने तल्लख. आज म्हणाली, "काका, डावीकडची दारं फार आपटतायत हो. उजवीकडची नीट आहेत." मी म्हणालो, तुझे हेडफोन बदल. ती हसली, पण नेहमीसारखी हसली नाही.

हिने जेवणाच्या टेबलाशी आपली खुर्ची हलवली. इतकी वर्षं माझ्या डाव्या हाताला बसायची, आता उजव्या. म्हणते, खिडकीतून उजेड चांगला येतो. आम्ही जेवतो दिवे लावल्यावर. पण बायकोच्या खुर्चीवरून वाद घालण्याइतका मी अजून खुळा झालेलो नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

तिसरी जोडी मागवलीय. ती येईपर्यंत चालणं बंदच. ही विषय काढत नाही. दोन झगे शिवून दिले, तिसऱ्याचं कापड बेतलं. मी म्हणालो, थोडी पडून राहा. तर म्हणे, "पडून राहिले तर डोक्यात छातीच येते. कापड पुढे असलं की कापडच दिसतं."

२९ जानेवारी, गुरुवार

तिसरी जोडी आली. काय देखणी वस्तू! कानावरून वळण घेऊन मागे जाते, अंगठीसारखी बसते. घामाची भीती नाही. थडथड जवळजवळ नाहीच. आणि डावी बाजू कमजोर! मी टेबलावर हात आपटला.

हिने लावून बघितली. "मला तर छान ऐकू येतंय."

"तुला वाटतं तसं. फरक बारीक आहे, सवयीच्या कानाला कळतो."

हिने जोडी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "एवढ्या चांगल्या जोडीतसुद्धा?"

"एवढ्या चांगल्या जोडीतसुद्धा."

संध्याकाळी दोघं औषधं आणायला गेलो. हिने माझी बाही धरून एकदम मागे ओढलं. एक सायकलवाला माझ्या डावीकडून खेटून गेला. वर मलाच चार शब्द सुनावून गेला. घंटी वाजवायला काय होतं म्हणावं या लोकांना! ही म्हणाली, "जाऊ द्या." पण तिने माझी बाही घरी येईपर्यंत सोडली नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

दुपारी ही भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होती. मी मागे होतो. अर्ध्या जिन्यात बसली. ओठ पांढरे, कपाळावर घाम, हात छातीवर नाही पण छातीच्या जवळ. गोळी जिभेखाली ठेवली. थोड्या वेळाने रंग परत आला. "काही नाही, पिशवी जड होती," म्हणाली. पिशवीत पालेभाजी आणि लिंबं होती.

फेब्रुवारी उजाडला आणि ही अजून एकदाही धड चाललेली नाही. घरात आल्यावर माझा तोल सुटला. कंपन्यांना शिव्या दिल्या, इअरफोनवाल्याला दिल्या. म्हणालो, उद्या गावाच्या दुसऱ्या टोकाला जातो, तिथे मोठं दुकान आहे, चौथी जोडी आणतो, हिंडून हिंडून आणतो.

"बसा इथे," ही म्हणाली.

फोनाबरोबर फुकट आलेले जुने साधे इअरफोन तिने खणातून काढले. "लावा. तुमचा तो माणूस ऐका."

ऐकला. उजवीकडे. "बघ, हेसुद्धा..."

"आता उलटे लावा. डावं उजव्या कानात, उजवं डाव्यात."

कुणी नवखा पोरगाही पहिल्या दिवशी हेच करेल. तिसऱ्या जोडीला वळण होतं, ती उलटी बसत नव्हती. पण आधीच्या दोन? त्या बसल्या असत्या. मी केलं नव्हतं. "त्यात काय बघायचंय?" मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला.

"लावा म्हणते ना."

लावले. तो माणूस उजवीकडेच उभा होता. इअरफोन फिरले, माणूस हलला नाही.

मी ते कानातून काढले नाहीत. काढले असते तर बोलावं लागलं असतं. हिनेच काढले, वायर बोटाला गुंडाळली. माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली, आणि मग मला खुर्ची कळली, बाही कळली, सगळंच कळलं.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"पावसाळ्यापासून. तुम्ही कुशीवर झोपलात ना, उजवा कान उशीत घालून, की मी हाक मारलेली येत नाही तुम्हाला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचं सगळं कामच कानावर. मी कशी म्हणू? वाटलं, तुम्हालाच उमगेल." मग म्हणाली, "आणि खरं सांगू का? मलाही बरंच होतं. जोडी येत नाही तोवर चालायला नको. पट्ट्यावर चढले आणि तिथेच काही झालं तर, या भीतीने माझं पाऊल उठत नव्हतं. तुम्ही परत करत होतात, मी करू देत होते."

दोघं घाबरट एका टेबलाशी बसलो होतो. मी हिच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि या खेपेला गच्चीत गेलो नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

कामावर गेलो नाही. काही लिहवत नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

कानाच्या डॉक्टरांकडे ही मला घेऊन गेली. हृदय हिचं नाजूक, आणि हात धरून नेलं मला. एका बंद पेटीसारख्या खोलीत बसवलं. बीप ऐकू आला की बटण दाबायचं. उजव्या कानाला अंगठा थांबेना. डाव्या कानाला मी बटण हातात धरून बसून राहिलो.

डावा कान बराच गेलाय. हळूहळू गेला म्हणून कळलं नाही. गेलं ते परत येणार नाही. पुढे यंत्र लावता येईल, त्याने बोलणं कळेल, पण मी ज्या बारकाईच्या जोरावर मिरवत होतो ती नाही. ही डॉक्टरांना म्हणाली, "यंत्राचा रंग कोणता मिळतो? यांच्या केसांना राखाडी जाईल." शोभेलसं बघत होती! अशा वेळी दुसरी कुणी असती तर मला धीर देत बसली असती आणि मी जास्तच खचलो असतो.

९ फेब्रुवारी, सोमवार

इअरफोन हिने निवडले.

मी दुकानात एका स्टुलावर बसलो, तोंड बंद ठेवून. इअरफोनवाल्याकडे बघायची लाज वाटत होती, पण त्याने मागचं काही काढलं नाही. हिने काय करावं? एकेक जोडी कानात घालून दुकानाच्या मधोमध जागच्या जागी पावलं टाकायला लागली. मान हलवली, खाली वाकली, जांभई दिली. जांभई! जबडा हलला की बोंड सैल होतं हे मला सुचलं नव्हतं. वायर हातात घेऊन दोऱ्यासारखी ओढून बघितली, कुठे पीळ धरते का ते बघितलं. मी पसंत केलेली ती देखणी जोडी तिने पहिल्या फेरीतच बाजूला ठेवली. "कानाला मिठी मारते ही. थोड्या वेळाने नकोशी होईल."

शेवटी निवडली ती साधी, मऊ बोंडांची, वायर पातळ, मानेपाशी चिमटा. आवाज कसा आहे ते शेवटी विचारलं मी, राहवेना म्हणून.

"आवाज बरा आहे. पण कानात आहेत हे विसरायला होतं, म्हणून घेते."

इतक्या वर्षांत मी एकही हेडफोन या कसोटीवर घेतलेला नाही.

आता ऐकणार काय? गाण्यांचा हिला कंटाळा. मी आमच्या मालिकेचा पहिला भाग फोनात भरून दिला, पियानो गायब होतो तो. सदऱ्याच्या नळीतून वायर घातली, चिमटा लावला. डंबेलने पट्टा सुरू केला. दांडीवर हिची बोटं पांढरी पडली होती. मग हॉटेलच्या मॅनेजरने किंकाळी फोडली असावी, कारण ही दचकली, हसली, आणि बोटं सैल झाली. भाग संपेपर्यंत चालली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

रोज एक भाग. भाग संपल्याशिवाय ही उतरत नाही आणि उद्याचा भाग आज मागत नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

आज उतरल्यावर घाम पुसत म्हणाली, "ती हॉटेलातली मोलकरीण उजवीकडे गेली ना? मग तिची बादली डावीकडे कशी वाजली?"

मी तिथेच बाकावर बसलो. बादली मी ठेवली होती. "अजून काय काय?"

"दारं डावीकडची अंगावर येतात. आणि तो दातांचा डॉक्टर चांगला माणूस नाहीये, ते मी आधीच सांगून ठेवते."

संध्याकाळी मी तो भाग पुन्हा उघडला आणि ही सांगेल तसं एकेक दार आत घेतलं. ही पायातले मोजे काढत होती आणि डोळे मिटून हात हलवत होती, जरा इकडे, अजून, बस. काय तो कान! इतकी वर्षं मी हिला मशीनच्या खडखडाटापाशी बसलेली बघितली आणि समजलो, हिला आवाजातलं काय कळणार. खरं तर टाका चुकला की हिला आधी ऐकू येतं आणि मग दिसतं. तिनेच सांगितलं आज.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

दिग्दर्शिकेला सांगून टाकलं. चार दिवस वाक्यं जुळवत होतो, ऐन वेळी एकच निघालं. "माझा डावा कान गेलाय."

मग म्हणालो, दुसरा माणूस बघितलास तर मी समजून घेईन.

"पण काका, गेल्या आठवड्यातले भाग तर सगळ्यांत चांगले आलेत. ते कुणी ऐकले?"

"बायकोने. ट्रेडमिलवर."

ती आधी हसली, मग डोळे पुसले, मग म्हणाली, "त्यांना म्हणावं, शेवटच्या भागापर्यंत चालत राहा." कागदांवर 'ध्वनी-साहाय्य' असं लिहून पुढे हिचं नाव घालते म्हणाली. घरी येऊन सांगितलं तर ही रागावली. "चालण्याचं कसलं आलंय नाव?" पण जेवताना दोनदा विचारलं, अक्षर मोठं असेल की बारीक.

११ मार्च, बुधवार

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्याजोगा त्रास नव्हता.

ही आता भरभर चालते. पट्टा जरा चढता केला तरी बोलू शकते. जिन्यात मी मागे राहतो. डंबेल म्हणतो, "मावशींना बघून बाकीचे लाजतात." व्यायामाला येणाऱ्या बायकांनी हिच्याकडून सदऱ्यांना पाठीमागच्या नळ्या शिवून घेतल्या. भोंगे मात्र तसेच आहेत. ज्याला त्याला ते पुरून उरतात.

मीही यंत्र लावायला लागलोय. राखाडी. ही म्हणते, शोभतं. मी मान्य करून टाकलं. हिच्याएवढी धीराची बाई मी बघितलेली नाही. हे तोंडावर सांगितलं तर म्हणेल, यंत्राची बॅटरी बदला.

२ एप्रिल, गुरुवार

तपासणी झाली. क्रमाने लिहितो, नाहीतर हात पुढे पळेल.

मालिकेचा शेवटचा भाग हिने मुद्दाम ऐकायचा ठेवला होता. तपासणीच्या पट्ट्यावर ऐकायचा, म्हणजे भीती वाटणार नाही. सदरा घालून, वायर आत सोडून, तयारीनिशी गेली. आत गेल्यावर तिथला तंत्रज्ञ म्हणाला, अंगावर आमच्याच वायरी लागणार, हे सगळं काढा. छातीवर चिकटपट्ट्या आणि वायरींचं जाळं. मला बाहेर बसवणार होते, पण हिने माझं मनगट सोडलं नाही तेव्हा एका कोपऱ्यात उभं राहू दिलं, तेही कानातलं यंत्र आणि फोन बाहेरच्या पेटीत ठेवायला लावून.

हिचा चेहरा उतरला. जिन्यात बसली होती त्या दिवशीचा चेहरा. पट्टा सुरू झाला आणि हिची बोटं दांडीवर पुन्हा पांढरी झाली. पहिल्याच चढावर म्हणाली, "अहो, मला नाही वाटत जमेल."

मी उजवा कान हिच्याकडे करून उभा राहिलो आणि शेवटचा भाग सांगायला लागलो.

मी आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज जुळवले, स्वतः कधी गोष्ट सांगितली नाही. पण काय जोर चढला! मॅनेजर झालो, मोलकरीण झालो, दातांचा डॉक्टर झालो. पट्टा वेग घेत होता आणि ही माझ्या तोंडाकडे बघत पावलं टाकत होती. शेवट काय आहे ते मला पाठ होतं: पियानो तळघरात सापडतो, दंतवैद्य पकडला जातो, संपलं. ते सांगून झालं. आणि पट्टा थांबला नव्हता. उलट आणखी वर उचलला गेला.

ही धापा टाकत म्हणाली, "मग?"

मग काय! मी म्हणालो, पियानो तळघरातून वर आणताना हमालांच्या हातातून सुटला. पियानोला चाकं असतात. हॉटेलच्या दारातून तो थेट उतारावर आला आणि निघाला. मागे मॅनेजर पळतोय, त्याच्या मागे दंतवैद्य पळतोय, पोलिसांनी धरलेला हात सोडवून, कारण पियानोच्या पोटात त्याने चोरलेले सोन्याचे दात आहेत. मागे मोलकरीण, तिच्या हातात बादली. खड्डा आला की पियानो आपोआप एक सूर वाजवतो. मी सूरही वाजवून दाखवले. हिला हसू आवरेना. घामाने डबडबलेली, लाल झालेली, हसते आहे आणि चालते आहे, उतार काही केल्या संपत नाही, मी तो संपूच देत नव्हतो. शेवटी पट्टाच थांबला.

डॉक्टर कागदाची पट्टी घेऊन आले. पेनाचं टोपण आज उघडलंच नाही. म्हणाले, छाती उघडायची गरज नाही. औषधं घ्या, आणि जे काय करताय ते करत राहा. हिने त्यांचे आभार मानले आणि कोटाचे खांदे पुढच्या आठवड्यात आत घेऊन देते म्हणून सांगितलं.

बाहेर बाकावर बसलो. मी यंत्र कानात घातलं. मग ही हसायला लागली.

"काय झालं?"

"तो तंत्रज्ञ तुमच्या डावीकडे उभा राहून सारखा सांगत होता, गप्प बसा, बोलू नका, बाहेर काढीन. शेवटी बिचारा हातांनी खुणा करत होता."

"अगं, मग मला सांगायचं नाहीस?"

"कसं सांगू?" ही म्हणाली. "पियानो उतारावर होता ना."